आकस्मिक श्रवणऱ्हास आणि खेळाडू

दुखापत म्हटली की खेळाडूचे गुडघे आणि खांदे आठवतात; कानाचा विचार सहसा होत नाही. मात्र आकस्मिक श्रवणऱ्हास हा विकार धडधाकट व्यक्तीलाही एका रात्रीत गाठू शकतो. ७२ तासांच्या आत लगतच्या तीन वारंवारितांवर श्रवणशक्ती किमान ३० डेसिबलने घटल्यास वैद्यकशास्त्र त्यास हे नाव देते. बिघाड अंतर्कर्णात किंवा श्रवणचेतेत असतो, तोही बहुधा एकाच बाजूस. सुमारे ९० टक्के रुग्णांत त्याचे निश्चित कारण सापडत नाही.

सर्दी असेल, मळ साचला असेल, असे मानून खेळाडू स्पर्धा संपेपर्यंत तपासणी लांबवतो आणि नेमका तेथेच फसतो. वस्तुतः हा फरक साध्या नादकाट्यानेही कळू शकतो. कंप पावणारा नादकाटा कपाळाच्या मध्यभागी टेकवला असता, मळाने बंद झालेल्या कानात नाद अधिक मोठा वाटतो. चेता बाधित असल्यास तो चांगल्या कानाकडे सरकतो. पक्के निदान अर्थातच श्रवणमापनाने होते. श्रवणचेतेवर गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआय केले जाते.

उपचारासाठी प्रामुख्याने प्रेडनिसोलोनसारखी ग्लुकोकॉर्टिकॉइड औषधे दिली जातात. त्यांच्या परिणामकारकतेचा पुरावा निर्विवाद नाही. तथापि ती द्यायची तर पहिल्या दोन आठवड्यांत द्यावीत, असा वैद्यकीय संकेत आहे. व्यावसायिक खेळाडूची कोंडी येथे होते. स्नायू वाढविणाऱ्या ॲनाबॉलिक स्टेरॉइडांहून ही औषधे भिन्न असली, तरी तोंडावाटे घेतल्यास जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या (वाडा) नियमांनुसार ती स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत. त्यासाठी उपचारार्थ वापराची सवलत मागता येते. तातडीच्या प्रसंगी उपचार आधी सुरू करून अर्ज नंतर करण्याचीही तरतूद आहे. भारतात राष्ट्रीय पातळीवरील खेळाडूंचे असे अर्ज राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था (नाडा) हाताळते. म्हणजे बंदीच्या धास्तीने औषध टाळण्याचे कारण नाही. परंतु कागदपत्रे पहिल्या दिवसापासून जपावी लागतात.

गेलेले श्रवण परतले नाही तर खेळ संपतो, असे मात्र नाही. ध्वनी दोन्ही कानांत पोहोचण्यात जास्तीत जास्त सुमारे ०.७ मिलिसेकंदांचे अंतर पडते आणि त्यावरून मेंदू दिशा ओळखतो. एक कान निकामी झाल्यास हा आधार तुटतो. सहकाऱ्याची हाक कोठून आली हे उमगत नाही. क्रिकेटपटू वॉशिंग्टन सुंदरला बालपणापासून एकाच कानाने ऐकू येते. तरीही २०२१ मध्ये ब्रिस्बेन येथे कसोटी पदार्पणात त्याने ६२ धावा केल्या आणि शार्दूल ठाकूरसोबत १२३ धावांची भागीदारी रचली. अर्थात लहानपणीच सवय झालेला मेंदू आणि पंचविशीत अचानक एक कान गमावलेला मेंदू यांची तुलना सरळ होत नाही.

अशा खेळाडूस सहसा विशेष प्रवर्गाचा आधारही मिळत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ दोन्ही कानांतील ऱ्हास गृहीत धरतो: ७० डेसिबल असल्यास ‘बधिर’, ६० ते ७० डेसिबल असल्यास ‘ऐकण्यास कठीण’. १९२४ मध्ये पॅरिस येथे सुरू झालेल्या बधिरांच्या जागतिक स्पर्धांत, म्हणजेच आजच्या डेफलिम्पिक्समध्ये, चांगल्या कानातील ऱ्हास किमान ५५ डेसिबल असावा लागतो. शिवाय तेथे स्पर्धेच्या वेळी श्रवणयंत्र उतरवून ठेवावे लागते.