फुटकी बादली

आम्ही भिवंडीत मास्तर होतो. गल्लीत पोरे डबा लाथाडताना दिसली, की आम्ही ओरडायचो, "उनाड कुठली!" आता नागपूरची ही गोष्ट ऐका.

२००१ सालच्या सुमाराची गोष्ट. विजय बारसे हे हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवीत. एके दिवशी पाऊस पडत होता. झोपडपट्टीतली पोरे एक फुटकी बादली लाथाडत खेळत होती. बारसे ओरडले नाहीत. उभे राहून पाहू लागले. मग त्यांनी पोरांना फुटबॉल दिला.

पोरे खेळू लागली. बारसे यांच्या ध्यानात आले, की मैदानावर असतात तोवर ही पोरे व्यसनापासून लांब राहतात. मग त्यांनी झोपडपट्ट्यांतल्या संघांचे सामने भरवले. त्याला नाव दिले, झोपडपट्टी फुटबॉल.

ज्यांना घर नाही अशा लोकांचीही जगात एक फुटबॉल स्पर्धा भरते. ती २००३ साली ऑस्ट्रिया देशात पहिल्यांदा झाली. पुढे बारसे यांच्या कामातून तयार झालेली मुले त्या स्पर्धेत भारताकडून खेळली.

बादली लाथाडणारी पोरे कुठवर गेली पाहा! आम्हाला हे उशिरा कळले. तुमच्या दारात पोरे खेळत असली तर ओरडू नका. जमले तर चौघांनी मिळून त्यांना एक चेंडू आणून द्या.