जुन्या रिव्हॉल्व्हराचे बिघाड व दुरुस्त्या : संग्राहकांसाठीं कांहीं विचार

ऐतिहासिक संशोधनांत कागदास जो मान मिळतो तो शस्त्रास मिळत नाहीं. पत्राचा कागद, शाई, वळण व शिक्का यांची बारकाईनें परीक्षा होते. पण त्याच वाड्यांतील हत्याराची नोंद बहुधा ‘एक जुनें पिस्तूल, मोडकें’ एवढ्या शब्दांत संपते. तें मोडलें कसें, व पूर्वीं कोणीं तें दुरुस्त केलें होतें काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः हत्याराचा बिघाड हाहि एक लेखच आहे. तो वाचावा कसा, याचें दिग्दर्शन करण्याचा आमचा हेतु आहे.

छत्रपति संभाजीनगर (पूर्वीचें औरंगाबाद) येथील संग्राहकांस हा विषय विशेष जवळचा वाटावा. मलिक अंबरानें १६१० मध्यें वसविलेल्या खडकीपासून या भूमीवर तोडेदार बंदुकींचा वावर होता. पुढें येथें इंग्रजांची छावणी झाली व हैदराबाद काँटिंजंटचें घोडदळ राहूं लागलें. जून १८५७ मध्यें या दळांतील असंतोष येथेंच प्रकट झाला. त्या काळांत इंग्रज अधिकारी कमरेचें हत्यार बहुधा स्वतःच्या खर्चानें विकत घेत. अमेरिकेंतील कोल्ट यानें १८३६ मध्यें व इंग्लंडांतील अॅडम्स यानें १८५१ मध्यें आपापल्या रिव्हॉल्व्हराचे हक्क नोंदविले होते. १८८७ मध्यें वेब्ली बनावटीचें ·४५५ इंची रिव्हॉल्व्हर इंग्रज लष्करानें स्वीकारलें. या तिन्ही घराण्यांचीं हत्यारें हिंदुस्थानांत आलीं. त्यांपैकीं कांहीं पुढें खासगी घरांतहि शिरलीं.

प्रथम नांवांचा घोटाळा दूर केला पाहिजे. शिवकालीन राजव्यवहारकोशांत शस्त्रवर्ग स्वतंत्र आहे. परंतु फिरत्या चक्राचें हत्यार त्या काळीं येथें नसल्यानें त्यास जुना शब्द नाहीं. नळी, घोडा, चाप, दारू हे बंदुकीचे शब्द आपण त्यास लावले, आणि बोलण्यांत प्रत्येक आखूड हत्यार ‘पिस्तूल’ ठरलें. याचा परिणाम इतिहासावरहि होतो. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन यांजवर गोळ्या झाडल्या. कान्हेरे हे शिक्षणासाठीं औरंगाबादेस राहिलेले होते. जॅक्सन ज्यानें मारला गेला तें हत्यार ब्राउनिंग बनावटीचें पिस्तूल होतें. त्यांत चक्र नसतें, गोळ्या मुठींतील पेटींत असतात व झाडल्याच्या धक्क्यानेंच पुढची गोळी नळींत चढते. सबब, एखादें चक्राचें हत्यार ‘जॅक्सनवर झाडलेलें तें हेंच’ म्हणून कोणी दाखवूं लागल्यास परीक्षकानें दंतकथेस तेथेंच थांबवावें.

रिव्हॉल्व्हराची रचना थोडक्यांत अशी : नळीच्या मागें चक्र असून त्यांत पांच किंवा सहा कोठे असतात. चक्राच्या पाठीवर दांते असतात. घोडा मागें जाऊं लागला कीं त्यास जोडलेली एक लहान खिट्टी दांत्यास वर ढकलते व चक्र एक घर पुढें फिरतें. त्याच वेळीं खालून दुसरी खीळ चक्राच्या बाहेरील खांचेंत बसून त्यास स्थिर करते. मग चाप ओढला असतां कमान घोड्यास पुढें फेकते. या क्रमांत एक अंग जरी झिजलें तरी सर्व हत्यार बिघडतें. मुख्य बिघाड असे :

(१) चक्र पूर्ण न फिरणें. खिट्टीचें टोंक व चक्राचे दांते वर्षानुवर्षें घासून झिजतात. कोठा नळीच्या अगदीं समोर येण्यापूर्वींच घोडा पडतो. गोळी नळीच्या कांठास घासते आणि शिशाचे कपटे बाजूस उडतात. हा बिघाड अत्यंत घातक होय. नळीच्या मागील कडेस एका बाजूनें शिशाचा थर किंवा झीज दिसली तर हत्यार बिघडल्यावरहि वापरांत होतें, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

(२) चक्र आवळणें. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूप राखेनें मागें राहतो. ही काजळी ओलावा ओढून घेते. ती चक्राच्या आंसावर बसली कीं कांहीं बार झाल्यावर चक्र जड फिरतें. न पुसतां ठेवल्यास गंज धरून तें कायमचें जखडतें. उलट, आंस झिजल्यास चक्र पुढेंमागें डुलतें व नळी आणि चक्र यांमधील फटींतून जळता वायु निसटतो.

(३) कमान तुटणें. जुन्या हत्यारांत कमान बहुधा चपट्या पोलादी पट्टीची असते. जेथें ती वांकते तेथें ताण सर्वांत अधिक. त्या जागीं गंजाचा एक सूक्ष्म खड्डाहि पुरे होतो. कमान न तुटतां केवळ मंदावली तर घोडा पडतो, पण केप किंवा काडतूस पेटत नाहीं.

(४) घोडा न टिकणें. चढविलेला घोडा ज्या बारीक खांचेवर अडतो तिचें पृष्ठ कठीण केलेलें असतें. आंतील धातु मऊ असतो. चाप हलका व्हावा म्हणून कोणी ती खांच कानशीनें घांसली कीं कठीण कवच जातें, मऊ धातु लवकर झिजतो, आणि हत्यार नुसत्या धक्क्यानें सुटूं लागतें.

(५) म्यानाचा दोष. कमरेस बाळगलेलें हत्यार घामानें व चामड्यानें बिघडतें. चामडें कमावतांना वापरलेलीं द्रव्यें व त्यांत मुरलेला ओलावा लोखंडास खातात. मराठवाड्याची हवा कोरडी खरी. पण पावसाळ्याचे चार महिने म्यानांत पडून राहिलेल्या हत्याराचा चामड्याकडील भाग अधिक खड्डेदार होतो. केवळ या खड्ड्यांच्या मांडणीवरूनहि हत्यार म्यानांत दीर्घकाळ होतें हें ओळखतां येतें.

आतां दुरुस्त्यांकडे वळूं. कारखान्यांतील दुरुस्तींत झिजलेला भाग काढून नवा बसविला जाई. यामुळें भागांवरील आंकडे जुळत नाहींत. सांगाडा, चक्र व लहान भाग यांवर एकच अंक किंवा खूण असण्याची वहिवाट पुष्कळ कारखान्यांत होती. निराळा अंक दिसल्यास तो भाग मागाहून आलेला समजावा. कारखान्यापासून दूर असलेल्या कारागिराजवळ नवा भाग नसे. तो झिजलेली खिट्टी हलकेच ठोकून तिची लांबी वाढवी. तिच्या बाजूंवर घणाचे चपटे ठसे राहतात. कमान तुटल्यास तो पोलादी पट्टी तापवून वांकवी, विझवून तिला पाणी देई, आणि पुन्हा मंद आंचेवर निळसर रंग येईपर्यंत तिचें पाणी उतरवी. पाणी अधिक राहिलें तर कमान कांचेसारखी फुटे. अधिक उतरलें तर ती वांकडीच राही. अशी ओबडधोबड पण चालणारी कमान मिळाली तर ती दोष म्हणून फेकूं नये. हें हत्यार साहेबाच्या कमरेवरून उतरून या देशांतील माणसाच्या हातीं आलें व त्यानें तें वापरांत ठेविलें, याचा तोच उत्तम पुरावा असूं शकेल.

म्हणूनच संग्राहकांचा दुरुस्तीचा उत्साह आम्हांस चिंतेचा वाटतो. पोथीच्या फाटलेल्या पानावर कोणी स्वतःच्या कल्पनेनें अक्षरें भरलीं तर आपण त्यास क्षमा करीत नाहीं. मग गंज घांसून लंडन किंवा बर्मिंगहॅम येथील परीक्षणाचे ठसे बोथट करणाऱ्यास कां करावी? ठशाच्या कडा गोलावल्या, मूळ निळा मुलामा गेला व स्क्रूचीं डोकीं चेंदलीं कीं त्या हत्याराचा अर्धा इतिहास पुसला जातो.

कायद्याची बाजूहि संग्राहकांनीं नीट समजून घ्यावी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्यें जुन्या धर्तीच्या, पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्यारास सूट आहे. पण तें हत्यार दुरुस्तीनें अथवा दुरुस्तीवांचून बंदुकीसारखें वापरतां येण्याजोगें नसेल तरच. ‘गंजलेलें आहे, चालत नाहीं’ एवढ्यानें परवान्याची गरज संपते, हा समज चुकीचा आहे. कमान बदलली कीं चालणारें हत्यार या सुटींत बसत नाहीं. निर्णय अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावा. तसेंच १९७२ च्या पुरावशेषविषयक अधिनियमाप्रमाणें शंभर वर्षांपूर्वींच्या वस्तु ‘पुरावशेष’ या सदरांत येतात. ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितांस ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे.

तात्पर्य, कायदेशीर ताबा असलेल्या संग्राहकानें पुढील क्रम पाळावा. हत्यार भरलेलें नाहीं याची खात्री जाणकाराकडून प्रथम करून घ्यावी. जुन्या केपाच्या हत्यारांत कोठ्याच्या तळाशीं बार तसाच राहिलेला असूं शकतो. नंतर सर्व अंक, ठसे व झिजेच्या जागा यांचें टिपण व छायाचित्र करावें. सैल गंज मऊ कापडानें व तेलानेंच काढावा. कानस, वाळू व आम्ल यांस स्पर्श करूं देऊं नये. म्यान वेगळें ठेवावें. एखादा भाग काढावाच लागला तर तो दिनांक व कारागिराचें नांव लिहून त्याच हत्याराजवळ जपावा. आणि असें हत्यार झाडून पाहण्याचा मोह सर्वथा टाळावा; काळ्या दारूसाठीं घडविलेल्या चक्रांत नव्या दारूचें काडतूस घातल्यास चक्र फुटून झाडणाराच प्राणास मुकेल.

अशीं टिपणें आमच्याकडे आलीं तर या प्रांतांत कोणत्या बनावटीचीं हत्यारें आलीं, तीं कोठें दुरुस्त झालीं व किती काळ वापरांत राहिलीं, हें हळूहळू मांडतां येईल. दप्तरांत ज्याचा उल्लेख नाहीं असा पुष्कळ इतिहास अद्यापि घरोघरच्या पेट्यांत गंजत पडला आहे. घांसून लखलखीत होण्यापूर्वीं त्याची नोंद व्हावी, एवढीच आमची विनंति.