रात्रीचे पाणी आणि विजेरीचा सेल

धाराशिव जिल्ह्यात ज्याच्या शेतात विहीर अथवा बोअर आहे, त्याच्या घरी विजेरी ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. कृषिपंपांना थ्री फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशा पाळीने देण्याचा शिरस्ता वर्षानुवर्षे चालत आल्यामुळे, तेरणेकाठच्या उसाला किंवा परंड्याकडील रब्बी ज्वारीला पाणी द्यावयाचे, तर मध्यरात्री लाईट येताच उठावे, बांधाबांधाने स्टार्टरपर्यंत जावे आणि पुढे पहाटेपर्यंत दारे धरीत बसावे, हे कुणब्याच्या नशिबी ठरलेलेच. घोणस आणि मण्यार हे दोन्ही विषारी सर्प विशेषेकरून रात्रीच संचार करतात. तेव्हा हातातील उजेड किती वेळ टिकेल, हा प्रश्न येथे थेट जीविताशी निगडित आहे. सौरपंप आता येऊ लागले आहेत; परंतु तूर्त तरी रात्रीच्या पाळीला विजेरीवाचून गत्यंतर नाही.

रोज रात्री जळणाऱ्या विजेरीत साधे सेल घालीत राहणे खर्चाचे होते, म्हणून पुन्हा चार्ज होणारे सेल घ्यावेत असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. मात्र नळीत सेल शिरला म्हणजे तो त्या विजेरीचा झाला, ही समजूत अपुरी आहे. सेलाचे आकारमान, त्याचा व्होल्ट आणि त्याला भरणारा चार्जर या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे.

जुन्या पत्र्याच्या विजेरीपासून आरंभ करू. तिच्यातील मोठ्या सेलाचा व्यास सुमारे ३४ मिलिमीटर आणि लांबी सुमारे ६१ मिलिमीटर असते. याच मापाचे निकेल-मेटल-हायड्राइड जातीचे चार्जिंगचे सेल मिळतात. साधा सेल १.५ व्होल्टचा आणि हा १.२ व्होल्टचा, तथापि जुन्या तारेच्या बल्बाला हा फरक फारसा जाणवत नाही, कारण साध्या सेलाचा दाब वापरता वापरता उतरत जातो, तर या सेलाचा दाब बहुतांश काळ स्थिर राहतो. अडचण येते ती दोन सेलांच्या एलईडी विजेरीत. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात आणि दोन सेल मिळून भरतात २.४, त्यामुळे दाब वाढविणारे मंडल आत नसेल, तर उजेड मंद पडतो किंवा पडतच नाही. तीन सेलांच्या विजेरीस ही हरकत सहसा येत नाही. आणखी एक गोष्ट पाणी धरणाऱ्याने ध्यानी ठेवण्याजोगी आहे: साध्या सेलाचा उजेड पिवळा पडत पडत आगाऊ सूचना देतो, हा सेल मात्र शेवटपर्यंत चांगला चालून थोड्याच अवधीत गळून पडतो.

या मोठ्या सेलांत फसवणूकही होते. बाहेरून जाडजूड दिसणाऱ्या काही स्वस्त सेलांच्या पोटात बारीक सेलच बसविलेला असतो. वेष्टनावर क्षमता २००० एमएएचच्या आसपास नमूद असेल, तर तो माल तसलाच समजावा. अस्सल मोठ्या सेलाची क्षमता ८००० ते १०००० असते आणि त्याचे वजन तळहाताला तत्काळ जाणवते.

भिंतीच्या सॉकेटमध्ये थेट खोचून चार्ज करावयाच्या प्लास्टिकच्या विजेऱ्या घरोघर आहेत. त्यांपैकी पुष्कळांच्या आत ४ व्होल्टची शिसे-आम्लाची पेटी असते. ती रिकामी ठेवली, की आतील पट्ट्यांवर लेड सल्फेटचे स्फटिक धरतात आणि पेटी निकामी होते. म्हणून पावसाळ्यात वापर नसला तरी ती अधूनमधून चार्ज करणे अवश्य. बदलताना लांबी, रुंदी, उंची मोजून ४ व्होल्टचीच पेटी बसवावी. तिच्या जागी लिथियमचा सेल डकवून देण्याची तजवीज कोणी सुचविल्यास ती साफ नाकारावी, कारण साध्या लिथियम-आयन सेलाचे भरणे ४.२ व्होल्टवर थांबलेच पाहिजे, आणि त्या विजेरीतील साधा चार्जर तेथे थांबेलच याची हमी नसते. मर्यादा ओलांडलेला असा सेल पेट घेऊ शकतो.

नव्या झोतदार विजेऱ्यांतील लिथियम सेलावर १८६५० असा आकडा असतो: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. संरक्षक मंडल जोडलेला सेल याहून काही मिलिमीटर लांब भरतो. त्यामुळे एखाद्या विजेरीचे झाकण पुरते आवळले जात नाही आणि आटे जुळविण्याच्या खटपटीत स्प्रिंग दबून बसते. उलट, काही विजेऱ्यांत सपाट डोक्याचा सेल समोरच्या पितळी पट्टीला टेकतच नाही, तेथे उंचवटा असलेलाच लागतो. या मापाच्या सेलावर ९९०० एमएएच असे छापलेले असेल, तर ते बिनदिक्कत खोटे मानावे. चांगल्या सेलाची क्षमता साधारणतः ३५०० च्या आसपास असते. १४५०० मापाचा लिथियम सेल तर दिसायला हुबेहूब बारीक पेन्सिल सेलासारखा, पण ३.७ व्होल्टचा, १.५ व्होल्टच्या जागी तो घातल्यास दिवा जळण्याचा संभव असतो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात याच जिल्ह्यातील सास्तूर आणि आसपासची गावे अंधारात कोसळली, हे ज्यांनी सोसले आहे त्यांच्या घरात उशाशी विजेरी असतेच. अशा प्रसंगासाठी ठेवावयाच्या विजेरीस सामान्य चार्जिंगचे सेल उपयोगी नाहीत, कारण न वापरताही ते काही महिन्यांत बरेच रिते होतात. २००५ मध्ये सान्यो कंपनीने आणलेल्या, भार दीर्घकाळ धरून ठेवणाऱ्या जातीचे सेल तेथे चालतील. नाहीतर साधेच सेल विजेरीजवळ, पण नळीबाहेर ठेवावेत, म्हणजे ते पाझरून स्प्रिंग गंजणार नाही.

निकामी झालेले सेल उकिरड्यावर, चुलीत किंवा विहिरीत टाकू नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करविण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा तालुक्याच्या बाजारी नवा सेल घेण्यास जाताना जुना सोबत न्यावा, लिथियमचा असल्यास दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी, आणि विजेरीही बरोबर ठेवावी, म्हणजे दुकानातच सेल घालून, झाकण आवळून खातरजमा करता येते.