क्रास ते नेपाम डेथ : ब्रिटिश भूमिगत संगीतातील राजकीय आशय

राजकीय गीत म्हटले की आपल्यासमोर प्रथम त्यातील शब्द येतात. ब्रिटनमधील पंक, हार्डकोर आणि त्यांतून पुढे उद्भवलेल्या ग्राइंडकोर या संगीतप्रकारांना मात्र ही कसोटी पुरेशी ठरत नाही. ध्वनिमुद्रिका कोण काढतो, ती कोणत्या किमतीस विकली जाते, हे प्रश्नही तेथे राजकीय ठरतात. प्रस्तुत लेखात दोन वाद्यवृंदांच्या आधारे या मुद्द्याचा परामर्श घेतला आहे.

एसेक्स परगण्यातील डायल हाऊस या सामूहिक निवासात 1977 साली क्रास हा वृंद स्थापन झाला. अराज्यवाद आणि युद्धविरोध ही त्याची भूमिका होती. 1978 च्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील एक धर्मविरोधी रचना छापण्यास आयर्लंडमधील कारखान्याच्या कामगारांनी नकार दिला. तेव्हा त्या जागी केवळ निःशब्दता ठेवण्यात आली व तिला ‘मुक्त अभिव्यक्तीचा ध्वनी’ अशा अर्थाचे उपरोधिक नाव देण्यात आले. या अनुभवातूनच वृंदाने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. ‘यापेक्षा अधिक किंमत देऊ नका’ अशी सूचना तिच्या वेष्टनांवर छापलेली असे. वगळलेली रचना 1979 मध्ये अवघ्या 45 पेन्सला विकण्यात आली. पण मूल्यवर्धित कर हिशेबात धरण्याचे राहून गेल्याने प्रत्येक प्रतीमागे तोटाच झाला. तत्त्वनिष्ठेला जमाखर्चाचे वावडे असते, ते असे!

फॉकलंड युद्धावरील 1982 च्या गीतामुळे हुजूर पक्षाच्या एका खासदाराने वृंदावर खटला भरण्याची मागणी केली. पुढे थॅचर व रेगन यांच्या भाषणांचे तुकडे जोडून वृंदाने एक बनावट संभाषण तयार केले. 1983 मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने ते सोव्हिएत हेरखात्याचे कृत्य ठरविले. जानेवारी 1984 मध्ये ‘ऑब्झर्व्हर’ने खरा उगम उघड केला.

त्याच वर्षी क्रास विसर्जित झाला. मात्र त्याचा प्रभाव पचवून मेरिडन या गावातील नेपाम डेथ पुढे आला. ‘स्कम’ (1987) या त्याच्या पहिल्या संग्रहात सुमारे 33 मिनिटांत 28 गीते आहेत. दोन्ही बाजू वेगवेगळ्या संचांनी वाजविल्या असून ढोलवादक मिक हॅरिस तेवढा समान आहे. एक गीत तर चार शब्दांचे, 1.316 सेकंदांचे आहे. सर्वांत लहान ध्वनिमुद्रित गीत म्हणून गिनेस ग्रंथात त्याची नोंद झाली. बहुराष्ट्रीय कंपन्यांवरील टीकेने संग्रहाचा आरंभ होतो. परंतु गुरगुरत्या आवाजामुळे त्यातील शब्द ऐकून कळणे जवळजवळ अशक्य असते. ते छापील स्वरूपातच वाचावे लागतात. हा दोष आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. अर्थाचे काम कागद करतो आणि संतापाचे काम कंठ.

खरी अडचण निराळीच होती. या मैफलींना फॅसिस्ट विचारांचे तरुणही येत. क्रासने कोणालाही प्रवेश नाकारण्याचे टाळले. 1979 मध्ये लंडनच्या कॉनवे हॉलमधील त्याच्या कार्यक्रमात उजव्या व डाव्या गटांत हाणामारी झाली. सर्वांना दार खुले ठेवणे म्हणजे दुर्बलांना असुरक्षित करणे नव्हे काय, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो व तो रास्त आहे. नेपाम डेथने येथे संदिग्धता ठेवली नाही. नवनाझींचा थेट धिक्कार करणारे डेड केनेडीज या अमेरिकी वृंदाचे 1981 चे गीत त्याने 1993 मध्ये नव्याने ध्वनिमुद्रित केले आणि त्याचे उत्पन्न फॅसिझमविरोधी संघटनांना दिले.