बंद जागेची भीती आणि एमआरआय तपासणी

सापाची, विंचवाची किंवा अंधाराची भीती माणूस चारचौघांत बोलून दाखवतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पण “बंद जागेत माझा जीव घाबरा होतो” हे सांगायला मोठमोठे धीराचे गडीही लाजतात. ही लाज एखादे वेळी फार महागात पडते. कशी, ते सांगण्यासाठीच आज मी आपल्यापुढे आलो आहे.

आमच्या जळकोटहून सोलापूर पन्नास-साठ किलोमीटर. कंबर धरली, पायाला मुंग्या येऊ लागल्या, की डॉक्टर चिठ्ठी देतात, “एमआरआय करून या.” मग कामाचा खाडा करून, पैशांची जुळवाजुळव करून माणूस सोलापूर गाठतो. नंबर लागेपर्यंत ताटकळतो. यंत्रात जातो, आणि दोन मिनिटांत “काढा, मला बाहेर काढा” म्हणत बाहेर येतो. तपासणी राहते ती राहतेच. गावात कुणी विचारले तर “यंत्रच बिघडलं होतं” असे काहीतरी सांगून मोकळे व्हायचे. दुखणे मात्र अंगावरच निघते. मणक्यातली नस दबलेली असेल, तर असे अंगावर काढता काढता पायातले बळ जाण्याची वेळ येते.

माझ्या मावशीचे असेच झाले. वय चौसष्ट. रानात उभा जन्म गेलेला, भ्यायची म्हणून कुणाला माहीत नाही. सोलापुरातल्या एका केंद्रात तिला यंत्राच्या फळीवर निजवले, “हलू नका” एवढेच सांगितले आणि फळी आत सरकवली. मिनिटभरात तिने हातपाय झाडायला सुरुवात केली. बाहेर काढले तेव्हा अंग घामाने भिजलेले. तिथला माणूस वैतागून म्हणाला, “लहान लेकरं निजतात की इथं!” मावशी काही बोलली नाही. परतीच्या वाटेवर, नळदुर्ग मागे पडल्यावर, आपणहून म्हणाली, “मला न्हाई जमायचं तिथं. पुन्यांदा माळवदाखाली गेल्यावानी झालं.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मावशीचे सासर लोहारा भागातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी; गणपती बोळवून माणसे उशिरा निजली होती. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर लाकडावर तोललेले मातीचे जड माळवद, अशी आपल्याकडची घरे. ती निजलेल्या माणसांवर बसली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सात हजारांवर माणसे गेली. मावशी उजाडेपर्यंत ढिगाऱ्याखाली होती. शेजारी निजलेली तिची सासू गेली. मी त्या वेळी शाळकरी पोर होतो. त्या पहाटेचा हादरा आणि नंतर कित्येक रात्री गाव उघड्यावर निजले, हे मला चांगले आठवते. आपल्या भागात पन्नाशीच्या पुढची अशी कितीतरी माणसे आज आहेत. त्यांना डॉक्टर गुडघा विचारतात, साखर विचारतात. भूकंपात कुठे होतात, हे कोण विचारणार?

प्रत्येकाच्या भीतीमागे एवढी मोठी गोष्ट असतेच असे नाही. कुणी लहानपणी लपाछपीत कणगीत अडकलेला असतो, कुणाला काहीच आठवत नाही. या भीतीला क्लॉस्ट्रोफोबिया म्हणतात. हे नाव १८७९ साली पॅरिसमधल्या बेंजामिन बॉल या मनोविकारतज्ज्ञाने दिले. नाव दीडशे वर्षांचेही नाही. भीती मात्र माणसाइतकीच जुनी असावी. आणि ती वेडगळही नव्हे. आपल्याकडे धान्याचे पेव उघडले की कुणी लगेच आत उतरत नाही. तोंड उघडे ठेवायचे, आत कंदील सोडायचा, तो विझला नाही तर मग उतरायचे. कोंडलेल्या धान्याने आतली हवा विषारी केलेली असते. अशा ठिकाणी जो भितो तो जगतो. अडचण एवढीच, की शरीराला पेव कोणते आणि यंत्र कोणते हे कळत नाही. दोन्ही ठिकाणी ते एकच घंटा वाजवते.

म्हणून आधी यंत्र समजून घेऊ. एमआरआयचे यंत्र म्हणजे एक लांबट, पोकळ चुंबक. आतली जागा साठ सेंटिमीटर रुंद, नव्या यंत्रांत सत्तर. दोन्ही टोके उघडी असतात. दार, झाकण, कडी काही नाही. आत दिवा असतो आणि पंख्याची हवा खेळती असते. चुंबक मात्र मोठा जबर. नेहमीच्या यंत्रात त्याची शक्ती दीड टेस्ला, म्हणजे होकायंत्राची सुई फिरवणाऱ्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. आपल्या शरीरात पाणी पुष्कळ, आणि पाण्यात हायड्रोजन. या चुंबकात हायड्रोजनचे अणुगर्भ एका दिशेला कल धरतात. मग यंत्र रेडिओलहरीचा एक झोत सोडते. अणुगर्भ डचमळतात आणि परत जागेवर येताना स्वतः बारीकशी रेडिओलहरी सोडतात. ती पकडून संगणक चित्र काढतो. दीड टेस्लाच्या यंत्रात ही लहर सुमारे ६४ मेगाहर्ट्झची असते. आपले एफएम रेडिओचे पट्टे ८८ पासून सुरू होतात. म्हणजे रेडिओच्या अगदी शेजारचेच घर! आकाशवाणीवर बोलणाऱ्याला याचे कौतुक वाटले तर आपण समजून घ्याल. बाहेरचे प्रक्षेपण मध्ये येऊ नये म्हणून त्या खोलीच्या भिंतींना तांब्याचा पत्रा लावलेला असतो. क्ष-किरणांचा इथे संबंध नाही.

आणि तो आवाज? ठकठक, खडखड, मध्येच गिरणीचा पट्टा घसरावा तशी घरघर. यंत्र मोडत नसते. आत तारेची वेटोळी असतात. त्यांतून वीज झपाझप चालू-बंद होते आणि चुंबकाच्या ओढीने ती वेटोळी थरथरतात. कर्ण्यातून आवाज निघतो तो याच न्यायाने. हा आवाज मोठा असतो, म्हणून कानात बोळे किंवा कानावर झाकणे देतात. दिली नाहीत तर मागून घ्यावीत.

या यंत्रात माणसाचे पहिले चित्र निघाले ते ३ जुलै १९७७ रोजी, अमेरिकेत. रेमंड डॅमेडियन या डॉक्टरांनी यंत्र बांधले आणि आधी स्वतःच आत बसले. चित्र काही उमटेना. मग त्यांचा एक सडपातळ विद्यार्थी आत बसला, तो जवळजवळ पाच तास! आज तेच काम बहुधा पंधरा मिनिटे ते पाऊण तासात होते.

आता शरीराच्या घंटेकडे वळू. भीती वाटताच छाती धडधडते आणि श्वास भराभर होऊ लागतो. त्या धापा टाकण्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वायू गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, आणि गंमत अशी, की हवा भरपूर असूनही गुदमरल्यासारखे वाटते. माणूस म्हणतो, “हवा नाही.” मग आणखी धापा टाकतो. ही लाट चढते तशी उतरतेही. काही मिनिटे टिकून राहिले तर ती आपोआप ओसरते, कारण शरीराला फार वेळ घंटा वाजवत बसणे परवडत नाही. पण लाट चढत असतानाच पळालो, तर मनाची खात्री पटते की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी घंटा आणखी लवकर वाजते. “भिऊ नको” म्हणण्याचा इथे काडीचा उपयोग नाही. मी मानसशास्त्र शिकवतो, तरीही मावशीला पहिल्या दिवशी मी हेच म्हणालो होतो, हे कबूल करतो.

मग आम्ही घरी तालीम केली. ओसरीत बाज होती. तिच्यावर गोधडी टाकली, एक बाजू उघडी ठेवली आणि मावशीला खाली निजवले. पहिल्या दिवशी दोन मिनिटे. “निघावंसं वाटलं तर नीघ, पण निघायच्या आधी दहा श्वास मोज,” एवढीच अट. श्वास असा, की आत घेताना चार आकडे आणि सोडताना सहा-सात. सोडण्याचा श्वास लांबला की छातीची धडधड उतरते. धापेचा फेरा तिथे तुटतो. चौथ्या दिवशी पाच मिनिटे झाली, आठवड्यात पंधरा. मग नातवाने मोबाइलवर यंत्राचा आवाज शोधून लावला. मावशी खालून म्हणाली, “ह्याच्यापरीस आपली पिठाची गिरणी बरी!” नातवंडांना तर खेळच सापडला, बाजेखाली जायला त्यांची रांग लागू लागली.

दुसऱ्या खेपेला आम्ही दुसऱ्या केंद्रात गेलो, आणि नाव नोंदवतानाच सांगितले, की बाईंना बंद जागेचा त्रास आहे, त्या भूकंपात अडकल्या होत्या. हे आधी सांगणे सर्वांत महत्त्वाचे. आधी सांगितले तर गर्दी नसलेली वेळ मिळू शकते, सत्तर सेंटिमीटरचे यंत्र कुठे आहे हे कळते. गुडघा, घोटा, पुष्कळदा कंबरही, पाय आधी आत घालून तपासता येते. मग डोके बोगद्याच्या तोंडाशी किंवा बाहेर राहते. कमरेच्या रुग्णाने हे जरूर विचारावे. मेंदूच्या तपासणीत डोके आत जाणारच. तिथे तोंडावर जाळीसारखे एक साधन बसवतात, त्यावर आरसा लावण्याची सोय पुष्कळ ठिकाणी असते, म्हणजे पडल्या पडल्या आपले पाय आणि पलीकडची काच दिसते. हातात रबरी फुगा देतात. तो दाबला की बाहेर घंटा होते आणि फळी मागे येते. फळी हलण्याआधी तो एकदा दाबून पाहावा, मनाला धीर येतो. सुटकेची किल्ली आपल्याच मुठीत आहे, हे कळलेला माणूस सहसा ती वापरत नाही.

तिथल्या मुलीने मावशीला आधी यंत्राच्या पलीकडे नेऊन उभे केले आणि आरपार पाहायला लावले. “हे बघा आजी, बोळ आहे, भुयार नाही.” मला चार पुस्तके वाचून सुचले नाही ते तिने एका वाक्यात सांगितले. डोळ्यांवर घडी केलेला रुमाल फळी हलायच्या आधीच ठेवला. छत जवळ आलेले एकदा पाहिले की मग डोळे मिटून उपयोग होत नाही. मला आत थांबू दिले. मी मावशीच्या पायाचा अंगठा धरून उभा राहिलो. ती मनातल्या मनात जात्यावरच्या ओव्या म्हणत होती, हे तिने नंतर सांगितले. ओठ हलवायचे नव्हते, म्हणून मनात. पंचवीस मिनिटे लागली. मध्ये एकदा अंगठा ताठ झाला, पण फुगा दाबला गेला नाही.

ज्यांना एवढे करूनही जमत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. डॉक्टर सौम्य गुंगीचे औषध देऊ शकतात. ते त्यांच्या सल्ल्यानेच घ्यावे, शेजाऱ्याच्या डबीतली गोळी नव्हे. दमा असेल, झोपेत श्वास अडकत असेल तर आधी सांगावे. त्या दिवशी सोबत माणूस हवा आणि परतताना स्वतः मोटारसायकल चालवायची नाही. बाजूंनी उघडी यंत्रेही असतात. बहुधा त्यांचा चुंबक कमी शक्तीचा, त्यामुळे चित्र काही वेळा तितके स्पष्ट येत नाही. चालेल की नाही ते डॉक्टरच ठरवतील.

एक भीती मात्र यंत्रापाशी जरूर बाळगावी, ती लोखंडाची. हा चुंबक रात्रंदिवस चालूच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात प्राणवायूची टाकी घेऊन त्या खोलीत गेलेला रुग्णाचा एक नातेवाईक टाकीसकट ओढला गेला आणि प्राणाला मुकला. म्हणून किल्ल्या, चुन्याची डबी, आकडे, घड्याळ, श्रवणयंत्र सर्व बाहेर. जोडवी आणि मंगळसूत्रही. आमच्या मावशीने जोडवी लगेच काढली, मंगळसूत्रापाशी अडली; शेवटी ते माझ्या मुठीत देऊ लागली, पण मीही आतच थांबणार होतो, म्हणून बाहेर सुनेच्या गळ्यात घातले. छातीत पेसमेकर असेल, जुन्या शस्त्रक्रियेतली पट्टी किंवा चिमटा असेल, वेल्डिंग करताना डोळ्यात कीस गेला असेल, तर तसे न विसरता सांगावे.

मावशीची नस दबलेलीच निघाली. औषधे आणि व्यायाम चालू आहेत. पायातल्या मुंग्या कमी आहेत.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता आपल्यासाठी थोडे. आपल्या सहली नळदुर्गच्या किल्ल्यात जातात. बोरी नदीवर इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ साली, बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात डोक्यावरून पाणी धो धो कोसळते आणि आतली खोली कोरडी. तिथे उतरायच्या अरुंद जिन्याशी दर सहलीत एखादे पोर थबकते. बाकीची पोरे हसतात आणि कुणीतरी त्याला मागून ढकलते. ढकलू देऊ नये. खाली खिडकी आहे, उजेड आहे, हे त्याला आधी सांगावे. हवे तर दोन पायऱ्या उतरून परत वर येऊ द्यावे, पुन्हा तीन. आणि त्या दिवशी नाहीच उतरले, तर वरच्या पायरीवर त्याच्याजवळ कुणीतरी बसावे. पाण्याचा आवाज तिथेही येतो.