जिन्याखालची बीएमएक्स

आकुर्डी-प्राधिकरणातल्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या जिन्याखाली डोकावून पाहा. फुटक्या कुंड्या, गणपतीच्या मखराचे पुठ्ठे, रंगाचे रिकामे डबे आणि या सगळ्यामागे भिंतीला टेकलेली एक बुटकी सायकल! चाकं छोटी, टायर जाडजूड, हँडल उंच आणि त्याला मधोमध आडवी दांडी. दोन्ही टायर बसलेले, चेन गंजून तांबडी झालेली. ही सायकल चालवणारा दादा कधीच नोकरीला लागला. आता ती भंगारवाल्याची वाट बघतेय.

बालमित्रांनो, भंगारवाल्याच्या आधी तुम्हीच तिथे पोचलात तर? ही सायकल दुरुस्त करून रोज शाळेला नेता येईल का? येईल. पण काही गोष्टी नीट पाहिल्या तरच. आई-बाबांनीही हा लेख वाचावा, कारण शेवटचा निर्णय त्यांच्याच हातात आहे!

बीएमएक्स म्हणजे काय?

'बीएमएक्स' म्हणजे बायसिकल मोटोक्रॉस. १९६३ साली अमेरिकेत श्विन कंपनीने 'स्टिंग-रे' नावाची २० इंची चाकांची सायकल काढली. कॅलिफोर्नियातली मुलं तसल्या सायकली मातीच्या चढउतारांवर दामटवू लागली. मोठी माणसं मोटारसायकलच्या शर्यती खेळतात, तर आपण सायकलच्या खेळू, असा त्यांचा साधा हिशेब! पुढे १९८२ मध्ये 'ई. टी.' हा सिनेमा आला. त्यात परग्रहावरच्या पाहुण्याला टोपलीत घालून आकाशात उडणारी सायकल बीएमएक्सच होती. मग जगभरच्या मुलांना तिचं वेड लागलं. पोरांच्या या खेळाने २००८ साली बीजिंगला थेट ऑलिंपिक गाठलं!

आपल्याकडे त्याच धर्तीच्या २० इंची सायकली आल्या. त्यातल्या बऱ्याच धड उड्या मारायच्या नव्हत्या, नुसत्या दिसायला तशा. पण पोलादी आणि दणकट. म्हणूनच त्या इतकी वर्षं जिन्याखाली तग धरून आहेत.

शाळेला पुरेल का? गणित करून बघा!

सायकलच्या पुढच्या दातेरी चक्राचे दाते मोजा, मग मागच्या फ्रीव्हीलचे मोजा. समजा पुढे ४४ आणि मागे १८ आहेत. ४४ भागिले १८ म्हणजे सुमारे २.४४. पायडल एकदा पूर्ण फिरलं की मागचं चाक इतके फेरे घेतं. २० इंची चाकाचा परीघ साधारण १.६ मीटर. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात तुम्ही ३.९ मीटर पुढे जाता.

आता आजोबांची २८ इंची काळी सायकल घ्या. दाते तेवढेच, पण चाकाचा परीघ सव्वादोन मीटरच्या आसपास. एका फेऱ्यात जवळजवळ साडेपाच मीटर! तीन किलोमीटरवरच्या शाळेसाठी आजोबांना साधारण साडेपाचशे फेरे पुरतील, तुम्हाला पावणेआठशे मारावे लागतील. सायकलवाल्या काकांकडून १८ दात्यांचं फ्रीव्हील काढून १६ दात्यांचं बसवलंत, तर एका फेऱ्यात ४.४ मीटर अंतर पडेल आणि फेरे सातशेच्या आत येतील. मात्र चढावर पाय जास्त दुखतील. फुकट काहीच मिळत नाही!

तात्पर्य काय? शाळा, क्लास, ग्रंथालय अशा तीन-चार किलोमीटरच्या आतल्या कामांना ही सायकल झकास. रोज त्याहून लांब जायचं असेल तर मोठ्या चाकाचीच घ्या. आणि सीट वर केल्यावरही गुडघे हँडलला लागत असतील तर तुम्ही त्या सायकलपेक्षा मोठे झालात. ती धाकट्या भावंडाला द्या.

विकत घेताना

शेजाऱ्यांकडून, सायकलच्या दुकानातून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून, कुठूनही घ्या. पण एकटे जाऊ नका. सायकलच्या सांगाड्यावर, बहुधा पायडलच्या खाली किंवा सीटच्या नळीवर, नंबर कोरलेला असतो. तो वहीत उतरवून घ्या. विकणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख आणि सही असलेली चिठ्ठी मागा. नंबर घासून काढलेला दिसला किंवा विकणारा चिठ्ठी द्यायला कां-कू करू लागला, तर सरळ परत फिरा. ती दुसऱ्या कुणा मुलाची चोरीला गेलेली सायकल असू शकते.

मग सांगाडा तपासा. हँडलची नळी जिथे जोडलेली असते, तिथल्या वेल्डिंगवरून ओलं फडकं फिरवा आणि उजेडात बारकाईने बघा. केसासारखी बारीक चीर दिसली, रंगाला सुरकुती पडली असली, पुढचा चिमटा मागे वाकलेला वाटला, तर ती सायकल फुकट मिळाली तरी घेऊ नका. बाकी सगळं बदलता येतं. सांगाडा आणि चिमटा मोडला की माणूस थेट तोंडावर पडतो. बीएमएक्सवरून आधीच्या मालकाने किती उड्या मारल्यात, ते आपल्याला कुठे ठाऊक असतं?

सांगाडा पास झाला की पट्टी काढा. होय, कंपासपेटीजवळची ३० सेंटिमीटरचीच! चेनच्या दोन लगतच्या पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं. म्हणजे २० कड्यांचं माप २५.४ सेंटिमीटर यायला हवं. २५.६ किंवा त्याहून जास्त आलं तर चेन झिजून लांबलीय, ती बदलायची. फ्रीव्हीलचे दाते शार्कच्या दातांसारखे टोकदार झाले असतील तर तेही बदला, नाहीतर नवी चेन त्यावरून घसरेल.

आता सायकलवाल्या काकांना विचारून लागणाऱ्या सामानाची यादी करा आणि प्रत्येकासमोर किंमत लिहा. सायकलची किंमत आणि दुरुस्ती मिळून नव्या सायकलच्या निम्म्यापेक्षा जास्त होत असेल, तर घाई करू नका. घरच्या हिशेबात ते बसतंय का, हे आई-बाबांबरोबर बसून ठरवा.

आता हात काळे करा

मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी याला उत्तम. जुने कपडे घाला, खाली वर्तमानपत्रं पसरा. चेन काढून रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा, पुसून वाळवा आणि मग तेल द्या. हे काम मोकळ्या हवेत, घरातलं मोठं माणूस जवळ असतानाच करायचं. आसपास काडी, उदबत्ती, गॅस काही नको.

चकाकणाऱ्या हँडलवर गंजाचे ठिपके आलेत? स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून त्यावर घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे चकाकी टिकते आणि गंज निघतो. गंज खोल गेला असेल तर तारेचा ब्रश, मग पॉलिशपेपर, मग रेड ऑक्साइडचा हात आणि त्यावर रंग.

टायर घेताना तर मोठी गंमत आहे! गणिताच्या तासाला १.७५ आणि १ ३/४ या संख्या सारख्याच. पण सायकलच्या दुकानात नाहीत! '२० × १.७५' आणि '२० × १ ३/४' हे टायर वेगवेगळ्या मापांच्या रिमचे असतात. एकाचा दुसऱ्याला बसत नाही. म्हणून जुना टायर बरोबर न्या. टायरच्या कडेला ४७-४०६ असा आकडा असतो. त्यातला दुसरा आकडा नव्या टायरवर तोच असायला हवा. आणि डांबरी रस्त्यावर जायचं तर खडबडीत गोट्यांचा टायर नको, कमी नक्षीचा घ्या. सायकल हलकी पळते.

हबातले आणि पायडलच्या एक्सलमधले छर्रे बदलून ग्रीस भरणं, रिमचा आऊट काढणं ही कामं काकांकडेच द्या. पण तिथेच स्टुलावर बसून बघा. चाक फिरवून ते एकेक आरा कसा पिळतात आणि डुलणारं चाक हळूहळू सरळ कसं होतं, हे पाहण्यासारखं असतं. "काका, हा आरा का सैल केलात?" असं विचारा. बहुतेक काका आनंदाने सांगतात.

ब्रेक, ब्रेक आणि ब्रेक!

शर्यतीच्या बीएमएक्सला बहुधा एकच ब्रेक असतो, तोही मागचा. आपल्याला शर्यत नाही, मुंबई-पुणे रस्ता ओलांडायचाय! पुढचा आणि मागचा असे दोन्ही ब्रेक हवेतच. ब्रेकचे रबर, दोन्ही वायर नव्या घाला. इथे काटकसर नको. आणखी एक लक्षात ठेवा. जुन्या सायकलींच्या रिम पोलादाच्या असतात आणि पावसात भिजल्या की ब्रेक पटकन लागत नाही. म्हणून पावसाळ्यात सावकाश जा आणि थांबायच्या बरंच आधी ब्रेक हलके दाबत राहा. रिमवरचं पाणी पुसलं जातं.

घंटी, मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा, मडगार्ड आणि डोक्यावर हेल्मेट, एवढं झालं की सायकल तयार! सीटची उंची अशी ठेवा: टाच खालच्या पायडलवर टेकली की पाय सरळ व्हायला हवा. मात्र सीटचा दांडा त्यावरच्या खुणेपेक्षा वर ओढू नका.

रस्ता कोणता?

आकुर्डीच्या पोटातून हमरस्ता जातो. ट्रक, कंपन्यांच्या बस, रिक्षा, सगळं त्यावरून धावतं. म्हणून शाळा सुरू होण्याआधीच्या रविवारी बाबांनी किंवा आईने मुलाबरोबर तो रस्ता एकदा पार करून पाहावा. जवळचा रस्ता निवडू नका, शांत निवडा. प्राधिकरणातले आतले रस्ते वळसा घालून जात असले तरी पाच मिनिटांनी काही बिघडत नाही. हमरस्ता जिथे ओलांडायचा, तिथे उतरून सायकल हातात धरून चाला. आणि देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते त्या दिवशी तर सायकल घरीच ठेवा. वारकऱ्यांबरोबर पायी चालण्यासारखी मजा नाही!

आपल्या आकुर्डीला जुन्याचं नवं करणं काही परकं नाही. बजाजची चेतक स्कूटर १९७२ साली आली, घराघरात पोचली, पुढे बंद पडली. आणि २०२० मध्ये विजेवर चालणारी होऊन परत आली. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं संग्रहालयच उभारलंय. २०१७ साली ते सुरू झालं. जमलं तर ते पाहून या. दुसऱ्या महायुद्धातल्या छत्रीधारी सैनिकांची घडीची सायकलही तिथे आहे.

तुमची बीएमएक्स काही संग्रहालयात ठेवायची नाही, ती रोज चालवायची आहे. म्हणून शेवटी एकच नियम: रोज सकाळी निघण्याआधी टायर दाबून बघायचे, दोन्ही ब्रेक दाबून बघायचे, हँडल हलतंय का ते बघायचं. अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट आई-बाबांनी नाही, तुम्ही स्वतः काढायचं. तेवढं न सांगता जमू लागलं, की एकट्याने शाळेला जायची परवानगी मागायला हरकत नाही!