शून्यं मोजत बसू नका!
सूर्य आपल्यापासून सरासरी १४,९६,००,००० किलोमीटरवर आहे. शास्त्रज्ञ हेच १.४९६ × १०^८ असं लिहितात. ^ नंतरचा आकडा म्हणजे घातांक. युक्ती साधी: दशांशचिन्ह पहिल्या शून्येतर अंकाच्या लगेच पुढे आणायचं. जितकी घरं सरकलं, तितका दहाचा घातांक. इथे डावीकडे ८ घरं. उजवीकडे सरकलं तर घातांक ऋण: हायड्रोजन अणूचं वस्तुमान १.६७ × १०^-२७ किलो.

खरी मजा आकडेमोडीत! सूर्यप्रकाश पोचायला किती वेळ? अंतर साधारण १.५ × १०^८ किमी, प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ × १०^५ किमी. १.५ भागिले ३ म्हणजे ०.५, घातांकांची वजाबाकी ३. उत्तर ०.५ × १०^३, म्हणजे ५०० सेकंद. आठ मिनिटं वीस सेकंद, तेही तोंडी!

कॅल्क्युलेटरवर १.५ई८ असं दिसलं, तर तो ‘ई’ म्हणजे ‘गुणिले दहाचा घात’.